मान अवघडली तं उशी वापस

धामणगाव रेल्वेच्या बाजारात अब्दुल गफ्फार यांचं गादीचं दुकान आहे. दुकानावर पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. पाटीवरचं सगळं गफ्फारभाई स्वतःच सांगतात, आणि तेही कुणी न विचारता. गिऱ्हाईक पायरी चढलं की ते पिंजणयंत्र बंद करतात, दाढीवर बसलेला कापूस झटकतात आणि म्हणतात, "बिनधास्त घेऊन जा, भाऊ. मान अवघडली तं उशी वापस!"

हे बोल मूळचे त्यांच्या वडिलांचे. वडील खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचे आणि लोकांच्या अंगणात बसून कापूस पिंजायचे. ती पिंजण आता दुकानाच्या भिंतीवर टांगलेली असते, बोल मात्र अजून चालू आहेत. आणि खरं सांगायचं तर उशी कधी वापस आलीच नाही. नांदगाव खंडेश्वरहून एकदा एक आली होती, पण ती नवरा-बायकोच्या भांडणात फाटली म्हणून. त्यात मानेचा काही संबंध नव्हता. हा खुलासा गफ्फारभाई आजही करतात.

तर अशा माणसाच्या घरात, ऐन लग्नसराईत, एका सकाळी त्यांची लेक उज्मा उठली ती मान वाकडी घेऊनच.

उज्मानं नुकतीच नववीची परीक्षा दिली होती. चहाचा कप घ्यायला तिनं मान वळवली आणि "या अल्ला!" म्हणून जागीच बसली. तिची आई हलीमाबी धावत तिच्याकडे गेली. गफ्फारभाईही धावले, पण ते उशीकडे.

हसू नका. सोनार लग्नात गेला तर त्याला नवरीआधी तिच्या गळ्यातलं दिसतं. गफ्फारभाईंचं आयुष्य कापसात गेलेलं, त्यांना आधी उशी दिसली. त्यांनी ती उचलली, दाबली, कानाशी धरून हलवली, मग ओसरीवर बसून तिची शिवण उसवली आणि सगळा कापूस बाहेर काढला. बोटांनी चाचपता चाचपता त्यात एक गाठ सापडली. चिंचोक्याएवढी असेल.

"हे पाय!" ते आनंदानं ओरडले. "सापडली! हिनंच मान धरली पोरीची."

"एवढुशा गाठीनं?" हलीमाबी लेकीच्या मानेला ओव्याचं तेल चोळत होत्या. "मागच्या साली तुमी विटेवर डोकं ठेवून निजले होते, तवा नाही अवघडली ते?"

"माही मान जुनी हाये. नव्या मानेले कळते."

त्यांनी कापूस पुन्हा पिंजला, खोळ धुऊन घेतली आणि संध्याकाळपर्यंत उशी नव्यानं भरून दिली. उज्मा त्या उशीवर निजली. सकाळी मान होती तशीच, उलट आता खांदाही भरून आला होता.

मग उशी पातळ केली. मग जाड केली. मग गफ्फारभाईंच्या डोक्यात आलं की तान्ह्या लेकरांना डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, ती मान सरळ धरते. तेव्हा पंधरा वर्षांच्या घोडीसाठी त्यांनी किराणा दुकानातून मोहरी आणवली आणि उशी भरली. हलीमाबींनी त्या दिवशी फोडणीला मोहरी मागितली तर डबा रिकामा होता. उज्मा रात्रभर कुशी बदलत राहिली आणि उशी कानाशी खसखस वाजत राहिली. सकाळी तिचे डोळे लाल होते. डोळे तसे आधीपासूनच लाल असायचे, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. उन्हाळा आहे, धूळ उडते, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पोरगी जेवत नव्हती, तेही उन्हामुळेच. नळावरून एक घागर आणली की धापा टाकत बसायची, तेही उन्हामुळेच. वऱ्हाडातल्या उन्हावर काहीही ढकललं तरी ऊन काही उलटून बोलत नाही.

शेवटी हलीमाबींनी हट्ट धरला आणि तिघं डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी मान इकडून तिकडून दाबली, मग उज्माला विचारलं, "मोबाइल किती वेळ पाहतेस?"

उज्मानं तोंड उघडायच्या आत गफ्फारभाई म्हणाले, "नाही जी. आमच्या घरी तसं काई नाही. माह्या पोरानं, उसामानं, देल्ला हाये एक, अकोल्याहून. पन तो अभ्यासापुरता."

उज्मानं उघडलेलं तोंड मिटलं.

"बरं," डॉक्टर म्हणाले आणि लिहिता लिहिता सहज पुढचा प्रश्न टाकला, "उशी कशी आहे घरची? बदलून पाहा एकदा."

त्यानंतर डॉक्टर बरंच काही बोलले. व्यायाम सांगितला, चालायला सांगितलं, पाणी पी म्हणाले, गळ्याला पट्टा दिला. गफ्फारभाईंनी त्यातलं एक अक्षर ऐकलं नाही. त्यांच्या कानात एकच गोष्ट वाजत होती. शिकलेला माणूस, परका माणूस, आणि त्यानं त्यांच्या तोंडावर त्यांच्या उशीचं नाव घेतलं होतं.

त्या दिवसापासून त्यांनी गिऱ्हाइकांना ते जुनं वाक्य सांगणं बंद केलं. समोर नत्थुजींची चहाची टपरी. नत्थुजींना हे पहिल्याच दिवशी कळलं. चहाचा ग्लास ठेवता ठेवता ते म्हणाले, "काय गफ्फारभाई, आज उशी वापसवालं नाही म्हटलं? घरचीच वापस आली वाट्टे."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर गफ्फारभाई भांडले असते. पण नत्थुजी थट्टा करून थांबणारे नव्हते, कामालाही येणारे होते. त्यांचा साडू मेळघाटात, सेमाडोहला. तिकडे काटेसावरीची बोंडं त्याच दिवसांत फुटतात आणि त्यातला कापूस नुसता हवेसारखा असतो. नत्थुजींनी एसटीनं एक पिशवी मागवून दिली. गफ्फारभाईंनी तो कापूस दार-खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत भरला, कारण जरा झुळूक लागली तर कापूस छताला जातो. अशी उशी त्यांनी जन्मात कुणाला दिली नव्हती. उज्मा तिच्यावर निजली आणि सकाळी उठून, आईकडे न बघता म्हणाली, "थोडं बरं वाट्टे, अब्बा."

ती खोटं बोलत होती. गफ्फारभाईंना ते कळलं, आणि ते खोटं आपली कीव करून बोललेलं आहे हेही कळलं. त्यांना फार वाईट वाटलं.

आता या सगळ्याला धार चढली ती किसनरावांमुळे. किसनराव नांदगाव खंडेश्वरकडचे शेतकरी. त्यांच्या मुलीचं, पौर्णिमाचं लग्न ठरलं होतं. ते साल बोंडअळीचं. अळीनं वऱ्हाडातला कापूस आतून पोखरून खाल्ला होता, आणि गादीच्या दुकानात त्याचा हिशेब वेगळाच दिसायचा. कुणी नवी गादी भरत नव्हतं. लोक आजोबांच्या वेळची गादी डोक्यावर घेऊन यायचे आणि "हेच पिंजून द्या" म्हणायचे. अशा सालात किसनराव मात्र गोणीभर पांढराशुभ्र कापूस घेऊन आले होते.

"सीतादहीच्या दिवशीचा हाये, गफ्फारभाई," ते म्हणाले होते. कापसाला पहिला हात लावायचा तर शेतात दहीभात दाखवून लावायचा, ती सीतादही. "पहिला वेचा. अळी त्याच्या मागून आली. पोरीच्या मायनं, वच्छलानं, तवाच बाजूले काढून ठेवला, पौर्णिमाच्या गादीसाठी. बाकीच्याचं काय झालं ते तुमाले मालूमच हाये. सांभाळून भरा."

गफ्फारभाईंनी गोणीत हात घातला आणि "बिस्मिल्ला" म्हणाले. असा कापूस त्यांनी त्या वर्षात पाहिला नव्हता.

मधल्या एका दिवशी किसनराव काम कुठवर आलं ते पाहायला आले, आणि नेमकी त्याच वेळी उज्मा गळ्याला पट्टा लावून चहा घेऊन बाहेर आली. किसनरावांनी चहा घेतला, पट्ट्याकडे पाहिलं, भिंतीशी लावलेल्या उशांकडे पाहिलं, पुन्हा पट्ट्याकडे पाहिलं. ती आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, "राग नोका मानू. पन तुमच्याच घरी असं? वच्छला तं आधीपासूनच म्हन्ते, अमरावतीहून फोमची घेऊन टाकू. उद्या पौर्णिमाची मान अवघडली तं सासरचे माहेरच्या गादीले नाव ठेवतीन."

"एकडाव गादी पाहून घ्या, किसनभाऊ," गफ्फारभाई म्हणाले. "मंग ठरवा."

मग त्यांनी ती गादी केली. काय केली म्हणता! कापूस दोनदा पिंजला. अंगणात खोळ पसरून, लवलवत्या काठीनं कानाकोपऱ्यापर्यंत झोडून सारखा केला. एकेक टाका ओढताना ओठ आत घेऊन ओढला. तयार झाल्यावर स्वतः डोक्यावर घेऊन मागच्या खोलीतल्या गाद्यांच्या थप्पीवर, सगळ्यात वर ठेवली आणि वरून धुतलेली चादर घातली. किसनरावांनी ही गादी नाकारली, तर फोमच्या दुकानांचं खरं आणि बापजाद्यांचे बोल खोटे, असंच गफ्फारभाईंच्या मनानं घेतलं होतं.

किसनराव येणार त्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या नमाजानंतर, गादी पुन्हा एकदा पाहावी म्हणून ते मागच्या खोलीत गेले. स्टुलावर चढून त्यांनी चादर उचलली, ती हातात तशीच राहिली.

गादीत खड्डे पडले होते.

मांजर, असं आधी त्यांच्या मनात आलं. मग उंदीर. पण मांजराचा खळगा गोल असतो आणि उंदीर कापूस कुरतडतो. हे खड्डे माणसाचे होते. गफ्फारभाईंनी हात फिरवला. नवा कापूस जिथे वजन पडेल तिथे बसतो आणि बसलेला राहतो, रोजच्या रोज एकाच जागी वजन पडलं तर तिथे साचाच तयार होतो. हा लांबट खळगा पोटाचा. हे दोन पायांचे. आणि पुढे, झरोक्याच्या खाली, कोपरांचे दोन खोल खड्डे, वाटीएवढे. त्याच्या पुढे, जिथे डोकं टेकायला हवं, तिथला कापूस मात्र जसाच्या तसा फुललेला. तिथे कुणाचं डोकं टेकलंच नव्हतं.

गफ्फारभाई थप्पीवर चढले. वयाला न शोभेल असे चढले. त्या साच्यात पालथे झाले, पोट पोटाच्या जागी, कोपरं कोपरांच्या जागी. त्यांचे दोन्ही हात आपोआप तोंडासमोर आले आणि मान आपोआप वाकली, हनुवटी जवळजवळ छातीला लागली. झरोक्यातून गार वारा येत होता. इथेच फोनची रेंजही चांगली मिळते, हे त्यांना माहीत होतं, कारण उसामाचा फोन आला की हलीमाबी याच खोलीत येऊन बोलायच्या. ते तसेच पडून राहिले. थोड्या वेळानं मानेच्या मागे, नेमकं जिथे उज्मा हात लावून दाखवायची तिथे, बारीक कळ उठली.

"उशी बेकसूर हाये!" ते एकदम ओरडले. "अल्लाची कसम, उशी बेकसूर हाये!"

आवाज ऐकून हलीमाबी आल्या. पाहतात तो आपला नवरा, नातवंडांची वाट पाहायच्या वयाचा माणूस, गाद्यांच्या थप्पीवर पालथा पडलेला, दोन्ही हातांत काही नसताना काहीतरी धरून त्याच्याकडे टक लावून पाहतोय आणि हसतोय.

"बह्याड झाले का तुमी?" त्या दाराला धरून म्हणाल्या. "उन्हात कितीकडाव सांगतलं टोपी घाला म्हनून."

"उज्मा दुपारी कुठं असते?"

"कुठं म्हन्जे? अठीच, सुट्टी लागली तवापासून. थंड खोली हाये म्हन्ते, पुस्तक घेऊन येते. दहावीचं वर्स हाये नं."

गफ्फारभाई खाली उतरले. उतरता उतरता त्यांचं हसू गेलं. उशी सुटली म्हणून आपण आधी आनंदलो, याची त्यांना लाज वाटली. मग दुसरं ध्यानात आलं आणि ते स्टुलावरच बसले. ही गादी पौर्णिमाची होती. नवरीच्या गादीवर नवरीआधी कुणी निजत नाही, आणि इथे त्यांचीच लेक रोज दुपारी निजत होती.

उज्मा दारात येऊन उभी होती. अब्बांचा आवाज तिनंही ऐकला होता. हातात फोन होता, तो तिनं ओढणीखाली घेतला.

गफ्फारभाई रागावतील असं हलीमाबींना वाटलं, उज्मालाही वाटलं, आणि खरं तर त्यांना स्वतःलाही वाटलं होतं. पण पट्ट्यात अडकलेलं तिचं तोंड पाहून त्यांना राग सापडेना. ते म्हणाले, "इतका वेळ काय पाहते त्याच्यात?"

"सगळं," उज्मा म्हणाली. "मेंदीचं. केकचं. मैत्रीण नाही का हीना, तिचे मेसेज. एक झालं का दुसरं आपोआपच येते, अब्बा. मीई ठरवते आता बस, पन येतच राह्यते."

"मान दुखते हे ठाऊक असून?"

"दुखते." तिचे डोळे भरले. "पन पाहताना दुखल्याचं ध्यानात नाही राहत."

"डॉक्टरनं पुसलं तवा सांगतलं काहून नाही?"

"तुमीच बोलले मंग मी काय बोलू? आन् तुमी उश्या करतच चालले. मोहरीची, सावरीची. मले वाटे आता सांगाव, आता सांगाव. पन तुमी इतक्या मनानं करत होते, सांगाची हिंमतच नाही झाली." ती रडायला लागली. "दुसरं काय करू मी दिवसभर? हीना अकोल्याले गेली. शाळा बंद. बाहेर ऊन. पयले दुकानात बसत होती तं तुमीच म्हटलं, मोठी झाली, आत बस."

गफ्फारभाईंना ते दिवस आठवले. ही एवढीशी असताना दिवसभर दुकानात असायची. हातात तिच्या उंचीची काठी, कापूस झोडायची आणि केसांत कापूस भरून म्हातारी होऊन नाचायची. गिऱ्हाईक यायचं त्याला तीच आधी सांगायची, मान अवघडली तं उशी वापस. मग एका वर्षी ती उंच झाली, आणि कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून, कुणी बोलायच्या आतच, त्यांनी तिला आत पाठवलं होतं. आतमध्ये ती काय करेल याचा विचार त्यांनी त्या दिवशी केला नव्हता, नंतरही केला नव्हता. आज केला, आणि तो त्यांना फार जड गेला.

"सकाळी लवकर उठजो," ते एवढंच म्हणाले. "गादी पुरी खोला लागते. माह्या एकट्याच्यानं होनार नाही."

सकाळी दुकानालगतच्या अंगणात निंबाखाली ताडपत्री पसरली आणि पौर्णिमाची गादी उसवली. बाप पिंजत होता, लेक काठीनं झोडत होती. सुरुवातीला तिला चार फटक्यांत धाप लागली. ती थांबायची, पाणी प्यायची, पुन्हा उभी राहायची. काठी वर नेताना खांदे मागे जायचे आणि मान आपसूक ताठ व्हायची. पट्टा मध्ये यायला लागला तसा तिनं तो काढून निंबाच्या फांदीला अडकवला. मान पूर्ण सुटली असं काही झालं नाही, असं एका सकाळीत होतही नाही. पण तिला भूक लागली. कितीतरी दिवसांनी तिनं स्वतः होऊन आईला भाकर मागितली, आणि हलीमाबी चुलीकडे अशा पळाल्या की वाटेत चप्पल सुटली ती तशीच राहिली.

गादी अर्धी भरली होती आणि तेवढ्यात किसनराव आले. संध्याकाळी येणार होते, पण टेम्पोवाला सकाळीच निघाला म्हणून आले. अंगणात आपला सीतादहीचा कापूस उघडा पडलेला पाहून ते जागच्या जागी थांबले.

"हे काय, गफ्फारभाई? गादी झाली म्हणून सांगतलं होतं नं फोनवर?"

"झाली होती," गफ्फारभाई उठून उभे राहिले. "पुन्हा खोलली."

"काहून?"

गफ्फारभाईंनी उज्माकडे पाहिलं. तिची काठी हातातच थांबली होती. खरं सांगितलं असतं तर उशी सुटत होती, गादी सुटत होती, बापाचे बोल सुटत होते. नत्थुजी समोरून पाहत होते, त्यांच्यामार्फत संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजारात बातमी गेली असती की गफ्फारभाईच्या मालात खोट नाही. पण त्या बातमीच्या मागोमाग दुसरीही गेली असती. गफ्फारची पोरगी दिवसभर मोबाइल घेऊन पडून राहते, दुसऱ्याच्या नवरीच्या गादीवर. पोरीबद्दलची गोष्ट एकदा बाजारात गेली की तिला पाय फुटतात, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"भरताना चूक झाली माही," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होते, त्यामुळे शब्द जरा चाचरत आले. "कापूस सारखा नव्हता बसला. पोरीच्या उशीतबी तेच झालं होतं. आता नीट करून देतो. तुमाले फोमची घ्याची असन तं... तं तुमची मर्जी, किसनभाऊ. मी काई म्हन्नार नाही."

किसनरावांनी मान हलवली. जन्मभर फुशारकी मारणारा माणूस असा एकदम वाकला की समोरच्यालाच अवघडल्यासारखं होतं.

आणि तेव्हा उज्मानं काठी खाली ठेवली. ओढणीला चिकटलेला कापूसही तिनं झटकला नाही. ती पुढे आली आणि म्हणाली, "अब्बा झूट बोलून राहिले, काका. गादी एकदम बराबर झाली होती. मीच तिच्यावर दुपारी पडून मोबाइल पाहो, म्हणून खड्डे पडले. मानबी त्या मोबाइलनंच अवघडली. उशीनं नाही. उशी तं त्यायनं मले चार-चार करून देल्ल्या, आन् सगळ्या चांगल्या होत्या."

गफ्फारभाईंनी डोळे मिटले. टपरीवर नत्थुजींच्या हातातला चहा ग्लासाबाहेर सांडला.

किसनरावांनी तिच्या गळ्याकडे पाहिलं, फांदीवरच्या पट्ट्याकडे पाहिलं. मग ते ताडपत्रीच्या कडेला खाली बसले आणि म्हणाले, "मोबाइलनं मान अवघडते?"

"हो, काका."

"आन् अंगठा?"

"अंगठाबी दुखते. माहाबी दुखे."

"थांब," किसनराव म्हणाले. "थांब जरा. आमच्या पियुषचा अंगठा दुखते दिवाळीपासून. मले वाटलं, फवारणीच्या पंपाचा दांडा मारून मारून गेला पोराचा अंगठा. म्हणून मी त्याले तवापासून कामच सांगतलं नाही! पंपाले हात लावू देल्ला नाही. वच्छला त्याले रोज एरंडाचं तेल लावून देते आन् तो एका हातानं तेल लावून घेते, दुसऱ्या हातानं..." ते बोलायचे थांबले. दुसऱ्या हातात काय असायचं ते त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असावं. आणि मग ते जे हसायला लागले ते थांबेचनात. गफ्फारभाईंना आधी हसावं की नाही कळेना, मग तेही हसले, हलीमाबी पदराआड हसल्या, नत्थुजी तर रस्ता ओलांडून हसायला आले.

डोळे पुसत किसनराव म्हणाले, "मी त्या पंपाचं वायसर बदलून आनलं होतं, गफ्फारभाई!"

"मी तं मोहरी भरली उशीत," गफ्फारभाई म्हणाले, आणि पुन्हा सगळे हसले.

गादीवर कुणी आधी निजल्याचं किसनरावांनी मनाला लावून घेतलं नाही. "आपलीच लेक हाये," ते म्हणाले. "पौर्णिमाले सांगीन, तुह्या गादीवर उज्मा अभ्यास करे. पन आता हे गादी तिच्याच हातची पाह्यजे मले." मग ते निंबाखाली बसून राहिले, भाकर खाल्ली, आणि उज्मानं शेवटच्या कोपऱ्याचा टाका ओढेपर्यंत हलले नाहीत. गादी टेम्पोत चढवताना त्यांनी दोन्ही हातांनी दाबून पाहिली आणि पियुषसाठी एक उशी वेगळी मागून घेतली. कशाला, ते कुणी विचारलं नाही.

उज्मा तेव्हापासून दुपारी दुकानात बसते. फोन आहे, पण तो गल्ल्याच्या खणात असतो, आणि कापसाच्या हातानं तो सारखा सारखा घेता येत नाही. संध्याकाळी ती भिंतीला टेकून, ताठ बसून हीनाशी बोलते. पहिल्या आठवड्यात उसामानं अकोल्याहून घाबरून फोन केला होता, "अब्बा, उज्मा दिवसभर ऑनलाइन दिसत नाही. तबियत बरी हाये नं तिची?" गफ्फारभाई म्हणाले, "आता बरी हाये."

मान सुटायला मात्र वेळ लागला. रमजानच्या आसपास कधीतरी सुटली. पट्टा बरेच दिवस निंबालाच लटकत होता, मग एका चिमणीनं त्यातला स्पंज ओढून नेला.

गफ्फारभाईंना ते जुनं वाक्य पुन्हा म्हणायला कसंतरीच व्हायचं. एकदा मोडलेली सवय होती. एक दिवस अमरावतीकडचं एक जोडपं उशा घ्यायला आलं. बाईंनी उशी दाबून पाहिली आणि विचारलं, "मान तर नाही ना अवघडणार?"

गफ्फारभाई दाढीवरचा कापूस झटकत राहिले. यंत्राच्या मागून, केसांत कापूस भरलेली उज्मा उठून उभी राहिली.

"बिनधास्त घेऊन जा, ताई. मान अवघडली तं उशी वापस," ती म्हणाली. मग बाईंच्या हातातल्या फोनकडे पाहून तिनं पुढे जोडलं, "पन मोबाइल पाहून अवघडली तं आमी घेत नाही."